वकील व्हायचंय, मग पीयूला कोणते विषय घ्यावेत? सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी

मागच्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन कोर्टाच्या आवारात मला भेटायला आले. त्यांच्या वाटणीच्या दाव्याची तारीख होती, पण हातात पीयू कॉलेजचा, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा फॉर्म होता. "मॅडम, पोरगी वकील होणार म्हणती. सगळे सांगतात सायन्स घे, टक्के चांगले पडलेत. लॉला सायन्स लागतंय काय?" मुलगी गप्प उभी होती. फॉर्मवर विषयांच्या चार चौकटी कोऱ्या होत्या. दुसऱ्या भाषेच्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं 'मराठी' लिहून खोडलं होतं, मग 'कन्नड' लिहून तेही खोडलं होतं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लॉला सायन्स लागत नाही, कॉमर्स लागत नाही, आर्ट्सही लागत नाही. कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी कायद्याच्या पदवीला जाऊ शकतो. मुलीची अडचण मात्र त्या दोनदा खोडलेल्या रकान्यात होती, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बहुतेक मराठी मुलांची ती तिथंच असते. या रकान्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे.

आधी वाट ठरवा: पाच वर्षं की तीन

कायद्याच्या पदवीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे बीए एलएलबी, बीबीए एलएलबी किंवा बीकॉम एलएलबी. नाहीतर आधी कोणतीही पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. पहिल्या वाटेनं एक वर्ष वाचतं.

दहावीतच मन पक्कं असेल तर पाच वर्षांची वाट धरा आणि पीयूचे विषय त्या हिशेबानं निवडा. मन पक्कं नसेल, घरच्यांचा अजून विचार चालू असेल, तर तीन वर्षांची वाट कमी प्रतीची आहे असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. मी स्वतः दुसऱ्या वाटेनं आले. दहावीला टक्के बरे म्हणून सायन्स घेतलं, दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्रीशी झगडले, बारावीला जेमतेम पन्नास टक्के पडले. मग बीए, मग एलएलबी. सहा वर्षांनंतर वकिलीची सनद तीच मिळाली. पण त्या दोन वर्षांत वाचनाची आणि लिहिण्याची जी सवय लागायला हवी होती ती लागली नाही, आणि ती भरून काढायला पुढं बरीच वर्षं गेली.

टक्क्यांचा हिशेब

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला किमान 45 टक्के लागतात. इतर मागासवर्गाला 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. कर्नाटकात पीयूचे एकूण गुण 600, म्हणजे 270, 252 आणि 240. यात दोन्ही भाषांचे गुण धरलेले असतात. 44.8 टक्क्यांना 45 समजून कुणी आत घेईल या भरवशावर राहू नका.

ही फक्त पात्रता. बेळगाव-हुबळीकडच्या बहुतेक लॉ कॉलेजांत पाच वर्षांचा प्रवेश पीयूच्या गुणांवरच होतो, त्यामुळं चांगल्या कॉलेजात जागा मिळवायची तर एकेका गुणाला किंमत आहे. अवघड शाखा घेऊन 52 टक्के मिळवण्यापेक्षा आवडीची शाखा घेऊन 82 मिळवणं तुमच्या जास्त कामाचं.

कुठं जायचंय ते बघा, मग विषय

आपल्या भागातल्या मुलासमोर साधारण चार दारं असतात.

घराजवळचं दार म्हणजे कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ, हुबळी. हे 2009 मध्ये सुरू झालं. बेळगावचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आणि बी. व्ही. बेल्लद लॉ कॉलेज याच विद्यापीठाचे. राजा लखमगौडा कॉलेज 1939 पासून आहे. 1989 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या काही काळ इथंच शिकले. गावाकडच्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण 'बेळगावात शिकून काय होणार' हे वाक्य त्यांनी घरातच ऐकलेलं असतं. या विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत आणि पेपर कन्नडमधून लिहिण्याचीही मुभा.

दुसरं दार क्लॅट या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं. बेंगळूरचं नॅशनल लॉ स्कूल, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली महाराष्ट्राची विधी विद्यापीठं अशी बरीच. परीक्षा फक्त इंग्रजीत. 120 प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात शिकलेल्यांसाठी 25 टक्के जागा आहेत. त्यासाठी कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात किमान दहा वर्षं शिकलेलं असावं लागतं. पहिलीपासून पीयूपर्यंत इकडंच शिकलेला बेळगावचा मराठी मुलगा या सवलतीत बसतो, आणि कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं. अकरावीला चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर आधी शाळेची वर्षं मोजा आणि त्या वर्षीचा नियम शब्दन् शब्द वाचा. शाळेचा अभ्यास-दाखला आत्ताच काढून ठेवा. शाळा बंद पडते, मुख्याध्यापक बदलतात, मग दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

तिसरं दार महाराष्ट्राच्या लॉ सीईटी या प्रवेश परीक्षेचं. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज 1933 पासूनचं आहे, पुण्याचं आयएलएस 1924 पासूनचं. या सीईटीचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठी माध्यमातल्या मुलांना ही मोठी सोय आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार ठेवला आहे. लॉच्या माहितीपुस्तिकेतही तुम्ही कोणत्या प्रकारात बसता ते फॉर्म भरण्याआधी शोधा.

चौथं गोव्याचं. मिरामार आणि मडगावला चांगली लॉ कॉलेजं आहेत, आणि खानापूर, कारवारकडच्या मुलांना ती दूर नाहीत.

शाखा आणि विषय

आर्ट्स घेणाऱ्यांनी इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हा गट घ्यावा. कॉलेजात त्याला एचईपीएस म्हणतात. बीए एलएलबीच्या सुरुवातीच्या वर्षांत याच विषयांची पुढची पायरी शिकायची असते, त्यामुळं पाया आधीच तयार असतो.

राज्यशास्त्र आपल्याकडच्या मुलानं मन लावून शिकावं, कारण त्यातली कलमं आपल्या दारात उभी आहेत. 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा मुलं पाठ करतात, पण त्याच कायद्यानं आपलं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं हे जोडून बघत नाहीत. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सीमावादाचा दावा लावला तो राज्यघटनेच्या कलम 131 खाली. हे कलम दोन राज्यांमधल्या वादाचं, आणि असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच का जातो, ते ज्याला समजलं त्याला न्यायालयांची उतरंड समजली. मराठी शाळेचा प्रश्न आला की कलम 350-क, भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचं काम आलं की 350-ख. या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय पूर्वी बेळगावातच होतं. चौकातल्या बोर्डावरून भांडण झालं की घरात तास न् तास चर्चा होते. त्या चर्चेला कायद्याचं वाक्य जोडण्याची सवय सोळाव्या वर्षी लागली तर पुढं फार उपयोगी पडते.

इतिहास घ्यायला मुलं घाबरतात, सनावळ्या आहेत म्हणून. मला तो वकिलीच्या सर्वात जवळचा विषय वाटतो. आधी काय घडलं, नंतर काय, हे कशावरून म्हणता, ज्यानं सांगितलं त्याचा हितसंबंध काय. साक्षीदाराची उलटतपासणी याच चार प्रश्नांवर चालते. शिवाय सहा-सात पानांचं उत्तर सलग लिहिण्याचा सराव इथं होतो.

समाजशास्त्रात कुटुंब, विवाह, वारसा येतं, आणि आमच्या कोर्टातले निम्मे दिवाणी वाद भावाभावांचे, बहीण-भावांचे असतात. अर्थशास्त्र ठीक, घ्या. काही कॉलेजांत लॉजिक हा स्वतंत्र विषय मिळतो. मिळत असेल तर सोडू नका, क्लॅटच्या तर्काच्या प्रश्नांना तो थेट उपयोगी पडतो.

कॉमर्सवाल्यांना बीकॉम एलएलबी आणि बीबीए एलएलबी सोपं जातं. कर, कंपनी, बँकेची वसुली, चेक न वटल्याचे खटले, सोसायट्यांची भांडणं, या सगळ्यांत ज्याला ताळेबंद वाचता येतो तो पुढं असतो. इतिहास, अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि अकौंटन्सी असा एचईबीए गटही असतो. कॉमर्स हवं पण आर्ट्सची ओढही आहे अशा मुलांना मी हाच सुचवते.

सायन्स कुणी घ्यावं? ज्याला सायन्स मनापासून आवडतं त्यानं. 'टक्के आहेत म्हणून' किंवा 'पर्याय खुले राहतील म्हणून' घेऊ नये. पेटंटच्या कामात जायचं असेल तर वाट वेगळी आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, नुसतं पीयू सायन्स पुरत नाही. म्हणजे बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून मग तीन वर्षांचं एलएलबी. कॉम्प्युटर सायन्सही वाया जात नाही. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅपचे मेसेज, सीसीटीव्ही आता प्रत्येक खटल्यात असतात, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे ते पुराव्यात आणावे लागतात.

गणिताची भीती बाळगू नका. क्लॅटमध्ये गणिताचे दहा ते चौदा प्रश्न असतात आणि ते दहावीच्या पातळीचे: टक्केवारी, गुणोत्तर, तक्ता वाचणं. त्यासाठी पीयूला गणित घ्यायची गरज नाही.

भाषांचा रकाना

आता त्या मुलीच्या पेन्सिलीकडे येते. पीयूला दोन भाषा असतात. एक साधारणपणे इंग्रजी, दुसरी कन्नड, मराठी, हिंदी, संस्कृत यांपैकी, कॉलेजात जी शिकवली जाते ती.

इंग्रजीबद्दल आधी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला बहुतेक कॉलेजांत पीयूला माध्यम बदलावं लागतं. पहिले चार महिने वर्गात काही कळत नाही आणि मुलं स्वतःला कमी समजायला लागतात. हे प्रत्येकाचं होतं, आणि दिवाळीपर्यंत निवळतं, अट एवढीच की रोज एक पान इंग्रजी मोठ्यानं वाचायचं आणि त्यातले पाच शब्द वाक्यात वापरून लिहायचे. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात किंवा सर्वोच्च न्यायालयात काम इंग्रजीतच चालतं, तेव्हा यातून सुटका नाही.

दुसरी भाषा मराठी की कन्नड? हा प्रश्न आपल्याकडं मनाला लागणारा आहे, मला तो तसाच लागतो. पण विद्यार्थ्याला सल्ला देताना मी कोर्टाच्या टेबलाकडं बघून देते.

वकिली सुरू केली त्या पहिल्याच महिन्यात सीनियरांनी माझ्यासमोर एक कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, ठेवली, कन्नडमध्ये टाईप केलेली, अकरा पानं. "संध्याकाळपर्यंत मुद्दे काढून दे," म्हणाले. मी शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड पास झाले होते, बाजारात बोलत होते, पण छापील कायद्याची कन्नड मला वाचता येत नव्हती. पक्षकाराच्या मुलानं शेजारी बसून मला ती वाचून दाखवली. ज्याचं काम माझ्याकडं विश्वासानं आलं होतं त्याच्याकडूनच वाचून घ्यावं लागलं, हे अजून विसरलेले नाही.

मग बसून शिकले, आणि तेव्हा लक्षात आलं की भीती जेवढी होती तेवढं अंतर नाही. दावा म्हणजे 'दावा', वादी 'वादी', प्रतिवादी 'प्रतिवादी', साक्षीदार 'साक्षी', अर्ज 'अर्जी', हरकत 'तकरारु', जमीन 'जमीनु'. नवे शिकावे लागतात ते 'तीर्पु' म्हणजे निकाल, 'मेल्मनवी' म्हणजे अपील, 'आस्ति' म्हणजे मालमत्ता, असे काहीशे शब्द. घरातला पहाणीचा, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदीचा उतारा घ्या. रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, 11 मध्ये कर्ज आणि इतर बोजे, 12 मध्ये कसणाऱ्याचा आणि पिकाचा तपशील. स्वतःच्या शेताचा उतारा असल्यामुळं मजकूर आधीच ठाऊक असतो, फक्त अक्षर ओळखायचं. दोन महिने रोज एक असा कागद वाचला तर हात बसतो.

म्हणून माझं मत असं. दहावीला कन्नडमध्ये चांगले गुण असतील, वाचनाचा वेग असेल आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणीच्या कोर्टात काम करायचं ठरलं असेल, तर पीयूला कन्नड घ्या. शिक्षक समोर उभे राहून ती शिकवतील अशी ही शेवटची दोन वर्षं. कन्नड कच्ची असेल तर मराठी घ्या, गुण राखा आणि वर सांगितलेला उताऱ्याचा सराव घरी करा. कोल्हापूर-पुण्याला जायचं असेल तर मराठीच. 'स्कोअरिंग' म्हणून केवळ गुणांसाठी तिसरीच भाषा घेण्याच्या मी विरोधात आहे. दोन वर्षं जातात आणि कोर्टात तिचा काही उपयोग होत नाही.

कन्नड घेतली म्हणजे मराठी सोडली असं करू नका. आमचे पक्षकार मराठीत बोलतात, मराठीत रडतात, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत समजल्याशिवाय दावा नीट लिहिता येत नाही. 1956 पूर्वीची गहाणखतं, वाटणीपत्रं कित्येक घरांत मराठीत आहेत, काही मोडीत. मोडी वाचता येणारा तरुण वकील आज शोधून सापडत नाही. ती शिकायला सुट्टीतले काही आठवडे पुरतात. बीदर, भालकी, औरादकडं जुने महसुली कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले. तिथल्या मुलानं उर्दू अक्षर ओळखायला शिकलं तर त्याला आयुष्यभर काम कमी पडणार नाही.

न्यायाधीश व्हायचं असेल तर हा रकाना आणखी महत्त्वाचा. कर्नाटकच्या दिवाणी न्यायाधीश परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराचा स्वतंत्र पेपर असतो, महाराष्ट्राला मराठी यावी लागते. दोन्ही भाषा येणाऱ्या सीमाभागातल्या मुलाला दोन्ही राज्यांचं दार उघडं राहतं. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळं या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली करावी लागते, तेव्हा भाषा पक्की करायला वेळही मिळतो.

त्या मुलीला दहावीला कन्नडमध्ये 81 होते. तिनं कन्नड लिहिलं, या वेळी पेननं. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "घरात मराठी आहेच की."

फॉर्म देण्याआधी कॉलेजात काय विचारायचं

ऑफिसच्या खिडकीपाशी चार गोष्टी विचारा. मराठी, कन्नड यांचे शिक्षक खरोखर आहेत की भाषा फक्त यादीत आहे? हवा तो गट किमान मुलं न मिळाल्यानं बंद होऊ शकतो का? प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत येते? आणि विषय किंवा शाखा बदलायची मुदत कोणत्या तारखेपर्यंत? जमलं तर तिथल्या दुसऱ्या पीयूच्या मुलांशी बोला, ती खरं सांगतात. बसची वेळही बघा. रोज दोन-दोन तास प्रवासात जाणार असतील तर सगळ्यात चांगलं कॉलेजही परवडत नाही.

पीयूची दोन वर्षं

पहिल्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या क्लासची घाई नको. रोज एक इंग्रजी आणि एक मराठी वर्तमानपत्र, त्यातली न्यायालयाची एक बातमी वहीत चार ओळीत. कोण कोणाविरुद्ध, मुद्दा काय, न्यायालय काय म्हणालं. सुट्टीत एक दिवस कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी बहुतेक वेळा सर्वांना खुली असते, कपडे साधे आणि मोबाईल बंद, एवढंच.

क्लॅट अलीकडं डिसेंबरात होते, म्हणजे दुसऱ्या पीयूचं वर्ष चालू असताना. फॉर्म त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सुटतात. त्यामुळं तयारी पहिल्या पीयूच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत सुरू झाली पाहिजे. प्रश्न लांब उताऱ्यांवर असतात आणि वाचनाचा वेग नसेल तर येणारे प्रश्नही सुटून जातात. डिसेंबर संपला की सगळं लक्ष बोर्डाकडं. क्लॅट नाही जमली तरी पीयूचे गुण हुबळीच्या विद्यापीठाच्या कॉलेजांत उपयोगी येतात. 2024 पासून पीयूची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते. एखाद्या विषयात गुण कमी पडले तर दुसऱ्या परीक्षेला बसायला लाजू नका.

शाखा चुकली असेल तर

पहिल्या पीयूत जून-जुलैमध्येच लक्षात आलं तर मुदतीत अर्ज देऊन बदला. घरच्यांना सांगायची भीती वाटत असेल तर शाळेतल्या जुन्या शिक्षकांना सोबत घेऊन सांगा, बाप त्यांचं ऐकतो. वर्ष पुढं गेलं असेल तर आहे ती शाखा पूर्ण करा, 45 टक्क्यांच्या वर राहा आणि भाषांवर जोर द्या. दहावीनंतर डिप्लोमा केला असेल तर पाच वर्षांच्या लॉला तो चालेल असं गृहीत धरू नका. ज्या विद्यापीठात जायचं त्याला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर मूळ कागदपत्रांच्या फाईलमध्ये लावून ठेवा.